उणे एकतीस अंशांतलं लाल बटण

सन २०६४. लडाखमधल्या एका संशोधन तळावर जनरेटर सकाळपासून ‘घर्र’ एवढंच म्हणून गप्प बसत होता. टाकी भरलेली, यंत्रात बिघाड नाही. मग सुरू का होईना?

नाताळच्या सुट्टीत सांगलीहून आजोबांकडे आलेल्या अकरा वर्षांच्या शलाकाला उत्तर ठाऊक होतं. म्हणून तर ती स्वतःच्या बुटाच्या नाडीकडे एवढं मन लावून पाहत होती.

परवा जनरेटरच्या खोलीत तिला एक लाल बटण चालू दिसलं होतं. दिवा नाही, पंखा नाही, उगाच वीज जातेय! सांगलीच्या घरी खोलीतून निघताना बटण बंद न करणाऱ्याला जेवताना बोलणी खावी लागत. शलाकाने बटण बंद केलं आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिली.

आता सौर पट्ट्या बर्फाखाली होत्या आणि साठवलेली वीज बारा टक्के उरली होती.

“इंजिनाचा हीटर बंद!” आजोबा, म्हणजे डॉ. त्र्यंबक गोगटे, ओरडले. “धोंडू, तूच ना?”

धोंडू हा तळावरचा रोबो. “माझ्या नोंदीत तसं नाही,” तो म्हणाला. “पण इथली बटणं मीच सांभाळतो. तेव्हा मीच असेन.”

“म्हणजे तुझी स्मृती बिघडलीय. जनरेटर चालू झाला की सगळी पुसून नवी भरतो.”

सगळी पुसली, तर धोंडूला ती कोण हेही आठवणार नव्हतं. तिने तोंड उघडलं, पण बाहेर आलं भलतंच. “आजोबा, बंद इंजिनाला हीटर कशाला?”

प्रश्न विचारला की आजोबा राग विसरत.

“थंडीत खोबरेल तेल गोठतं ना? इंजिनातलं तेलही तसंच घट्ट होतं. मग दट्ट्या (सिलिंडर नावाच्या नळीत वर-खाली होणारा धातूचा तुकडा) हलायला जड. त्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्याने मंदावते. काम वाढलं आणि कामगार अर्धा झोपेत! शिवाय डिझेलला काडी लावत नाहीत. सायकलला हवा भरताना पंप तापतो, तशी सिलिंडरमधली हवा जोरात दाबून तापवतात आणि तिच्यात डिझेल आपोआप पेटतं. पण गार धातू ती उष्णता गिळून टाकतो.”

“म्हणजे इंजिन बंद असतानाच त्याला ऊब लागते?”

“शाबास!”

तळावरचं बाकी सगळं बंद करून उरलेली वीज त्यांनी इंजिनाच्या आणि बॅटरीच्या हीटरला दिली आणि रजया पांघरून बसले. दोन तासांनी जनरेटर दोनदा खोकला आणि धडधडू लागला.

“चल धोंडू, पाठ इकडे कर.” आजोबांनी त्याच्या पाठीवरचं झाकण उघडलं.

“थांबा! ते बटण मी बंद केलं. वीज वाचवायला.” बाहेर उणे एकतीस होतं आणि शलाकाचे कान जळत होते.

“मग दोन तास गप्प का?”

“लाज वाटत होती.”

“आणि आता?”

“आता जास्त वाटतेय.”

आजोबांनी हळूच झाकण लावलं. “मलाही वाटायला हवी. बटणावर मी साधी चिठ्ठी लावली नाही आणि पुरावा नसताना याला दोषी ठरवलं. माफ कर, धोंडू.” मग ते शलाकाकडे वळले. “मंगळावरच्या रात्री याहून गार असतात. तिथे असा तळ उभा राहिला की यंत्रांना ऊब देणारं कुणीतरी लागेलच. तोवर तू मोठी होशील.”

“शलाकाताई,” धोंडू म्हणाला, “तुमची कबुली माझ्या स्मृतीत कायमची नोंदली गेलीय. म्हणाल तर तेवढीच पुसतो.”

शलाकाने त्याच्या पाठीवरचं झाकण नीट बसलंय ना, ते दाबून पाहिलं.

“नको. राहू दे.”

“मग आजोबांची माफीही ठेवतो,” धोंडू म्हणाला. “माझ्या नोंदीतली ती पहिलीच आहे.”