इराची जागा

रविवारी दोनचा वर्ग, म्हणून मेधा सोहोनी पावणेदोनलाच बिशानच्या कम्युनिटी क्लबात हजर असायची. दुसऱ्या मजल्यावरची नाचाची खोली, करडी रबरी जमीन, कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. ती एसी लावायची, मुलांचे मोबाइल ठेवायला आणलेला बिस्किटांचा रिकामा डबा दारापाशी मांडायची आणि वाट बघत बसायची. दोन वाजता अकरापैकी तीन मुलं आलेली असत. सव्वादोनला पाच. बाकीच्यांचे आईवडील कारणं पाठवत. ट्यूशन आहे, मॅच आहे, पाहुणे आलेत, उद्या पेपर आहे.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांचा हा नाट्यवर्ग ती सहा वर्षं चालवत होती. आठवडाभर अलेक्झांड्रा भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम. तिथं तिची ख्याती अशी, की तीनदा घडवून दाखवल्याशिवाय बाई कुठलीच चूक मान्य करत नाहीत. शनिवारी घरची कामं, रविवारी हा वर्ग. नवरा, उल्हास, दरवर्षी म्हणायचा, पुरे कर आता. तीही दरवर्षी हो म्हणायची आणि जानेवारीत पुन्हा फॉर्म वाटायची.

त्या फॉर्मवर मुलाची आणि पालकांची सही लागे. वेळेवर येईन, वर्गात मोबाइल बघणार नाही, तीनपेक्षा जास्त दांड्या झाल्या तर भूमिका सोडीन. हा शेवटचा नियम मेधानं कधी लावला नव्हता. लावला असता तर नाटकात एकटी तीच उरली असती.

यंदाचं नाटक तिनंच लिहिलं होतं. एका उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये अकरा मुलं अडकतात, एवढीच गोष्ट. लिफ्ट म्हणून जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा चौकोन आणि आत अकरा फुल्या. प्रत्येकानं आपापल्या फुलीवर उभं राहायचं. तालमीला निम्म्या फुल्या रिकाम्या. मार्चमधल्या एका रविवारी वैतागून तिनं नवा नियम काढला. जो आला नाही त्याची जागा तशीच रिकामी ठेवायची. तिथं दुसऱ्या कोणी उभं राहायचं नाही, त्याचं वाक्य दुसऱ्यानं म्हणायचं नाही. वाक्य येईल तेव्हा तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प थांबायचं. आपल्यावाचून इतरांचं किती अडतं ते मुलांना दिसावं, यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं.

बऱ्याच जणांना ते लागलं. मुलं नेमानं यायला लागली. इरा मात्र आली नाही.

इरा पंधरा वर्षांची, टॅम्पिनीसला राहणारी. नाटकात सगळ्यांना धीर देणाऱ्या मोठ्या मुलीची भूमिका तिची, त्यामुळं सर्वांत जास्त वाक्यंही तिची, आणि फुली मधोमध. पहिल्या रविवारी तिच्या वाक्यांपाशी थांबताना मुलं हसली. दुसऱ्या रविवारी हसली नाहीत. तिसऱ्या रविवारी मेधाच्या लक्षात आलं, की मुलं प्रत्येक वाक्याला वेगवेगळा वेळ थांबतात. लहान वाक्याला दोन श्वास, मोठ्याला सात-आठ. कोणी मोजत नव्हतं, कोणी मेधाकडं बघत नव्हतं. सगळी त्या मधल्या फुलीकडं बघत आणि एकाच क्षणी नजर वळवत. एकदा तर शेजारच्या फुलीवरची वल्लरी, वर्गातली सगळ्यात लहान, बोलता बोलता अर्धं पाऊल मागं सरली. अरुंद जागेत पुढं येणाऱ्या माणसाला आपण वाट देतो, तशी.

मेधाला आधी बरंच वाटलं. एवढी एकाग्रता या मुलांत तिनं सहा वर्षांत पाहिली नव्हती. मधल्या सुटीत तिनं चौदा वर्षांच्या निहारला विचारलं, इराचं वाक्य संपलं हे तुला कळतं कसं?

"शी फिनिश ऑलरेडी, आंटी," तो पाण्याची बाटली तोंडाशी धरून, इथल्या मुलांच्या तुटक इंग्रजीत म्हणाला. "देन आय स्टार्ट लाह."

यात विचारण्यासारखं काय आहे, अशा चेहऱ्यानं तो निघून गेला.

त्याच तालमीत मेधानं इराचं एक वाक्य बदललं होतं. 'घाबरू नका, कोणीतरी येईल न्यायला' हे तिला फार गुळमुळीत वाटायचं. तिनं ते खोडून स्वतःच्या प्रतीवर पेन्सिलीनं लिहिलं, 'न्यायला कोणी आलं, तर आधी नाव विचारा.' इराच नव्हती, म्हणून कोणाला सांगितलं नाही. प्रत शेवटपर्यंत तिच्याच हातात होती.

संध्याकाळी क्वीन्सटाउनच्या घरी पोचल्यावर तिनं इराच्या आईला, सुचित्राला फोन लावला. तीन दांड्या झाल्या, आता काय ते ठरवा, असं सांगायचं होतं. पण सुचित्राच आधी बोलायला लागली. ती स्वतःच फोन करणार होती, आभार मानायला. इरा केवढी बदललीय म्हणाली. दर रविवारी एकला वर्गाला निघते, सहाच्या ठोक्याला घरी. आल्यावर मोबाइल आपणहून स्वयंपाकघरात नेऊन ठेवते, आईशी मराठीत बोलते, पानात पडेल ते जेवते. मग खोलीत तालीम. आत्ताही तेच चाललंय.

"आजचं ते नवीन वाक्य मला फार आवडलं," सुचित्रा म्हणाली. "न्यायला कोणी आलं, तर आधी नाव विचारा. किती सहज म्हणते हो ती."

सुचित्राच्या पाठीमागं, जरा लांबून, एका मुलीचा स्वच्छ आवाज ऐकू येत होता. मेधाचं लक्ष तिकडं गेलं आणि आवाज थांबला.

ती "छान" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. उल्हासला सांगितलं तर तो म्हणाला, कोणीतरी तुझ्या प्रतीत डोकावून तिला कळवलं असेल. मोबाइल डब्यात होते, मेधा म्हणाली. मग वर्ग सुटल्यावर कळवलं असेल, तो म्हणाला. ती थकली होती. हे एकदाच घडलंय, असं मनाशी म्हणून ती झोपली.

बुधवारी शाळा सुटल्यावर तिनं इराला टॅम्पिनीसच्या फूड कोर्टात बोलावलं. मुलगी आली ती खांदे पाडून, डोळ्यांखाली काळं. मेधानं रागवायचं ठरवलं होतं, पण ती समोर बसल्यावर रागवायची ताकद तिच्यात उरली नाही. इरानं सगळं कबूल केलं. शाळा, ट्यूशन, पुन्हा शाळा. रविवारी ती घरून निघायची आणि टॅम्पिनीसच्याच लायब्ररीत टेबलावर डोकं ठेवून साडेसहापर्यंत झोपायची.

"आंटी, आय जस्ट वॉन्टेड टू स्लीप," ती म्हणाली.

मेधानं विचारलं, की मग घरी तालीम कधी करतेस? इरानं नकारार्थी मान हलवली. तालीम कसली, तिनं नाटकाची प्रत आठवडेच्या आठवडे उघडली नव्हती. थोडा वेळ ती ग्लासातला बर्फ हलवत राहिली. मग इंग्रजीत, तुटक तुटक सांगायला लागली. पहिल्या रविवारी सातला घरी गेली तर आई म्हणाली, आत्ता तर खोलीत होतीस, बाहेर कधी गेलीस? दुसऱ्या रविवारी तिनं जेवायला मागितलं. आईनं तिचं धुतलेलं ताट दाखवलं. परवाच्या रविवारी दाराला आतून कडी होती. तिनं बेल वाजवली.

"मम्मीनं दार उघडलं. खूप वेळ बघत राहिली." हे मात्र इरा मराठीत म्हणाली. "मग विचारलं, कोण हवंय?"

लगेच आई हसली होती म्हणे, दमलेय गं, म्हणाली होती. इराची खोली रिकामी होती. पलंगावरची चादर तेवढी कोणी बसून उठल्यासारखी दबलेली.

मेधा तिला धीर देण्यासारखं काही बोलली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. मेट्रोत उभं राहून घरी येताना तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. ती जागा राखायला मुलांना आपणच शिकवलं. तिनं इराकडून वचन घेतलं होतं, की येत्या रविवारी काहीही झालं तरी यायचं.

रविवारी दोनला दहा मुलं हजर होती. इरा नव्हती. मेधानं दहा मिनिटं वाट पाहिली. मग तिनं सांगितलं, की आजपासून जागा रिकामी ठेवायची नाही, इराची वाक्यं वल्लरी म्हणेल, मधल्या फुलीवर उभी राहून.

वल्लरी हलली नाही.

"जा ना बाळा," मेधा म्हणाली.

"तिथं कशी उभी राहू?" वल्लरी म्हणाली. "ती आहे ना."

कोणी हसलं नाही. तेवढ्यात दार उघडलं. दारात इरा, धापा टाकत, केस घामानं कपाळाला चिकटलेले. दहाही मुलांनी वळून पाहिलं. चुकून भलत्या खोलीत शिरलेल्या माणसाकडं बघतात, तसं.

"सॉरी आंटी," इरा म्हणाली. तिच्याकडं बघत निहार सावकाश म्हणाला, "वी आर फुल."

मेधा अनवाणी होती. ती चालत चौकोनात गेली आणि मधल्या फुलीवर उभी राहिली. बाकी जमीन एसीनं गार पडली होती. तेवढीच वीतभर जागा कोमट होती.

तिनं इराला हाताला धरून आणलं, तिथं उभं केलं आणि स्वतःची पेन्सिलीनं सुधारलेली प्रत तिच्या हातात दिली.

प्रवेश सुरू झाला. इराचं पहिलं वाक्य आलं. तिनं कागदात बघून, अडखळत वाचलं. मुलं थांबून राहिली. इराचं वाचून संपलं तरी थांबलेलीच. मग सगळ्यांची नजर एकदम वळली आणि निहारनं पुढचं वाक्य घेतलं.

"पुन्हा," मेधा म्हणाली.

पुन्हा तेच.

"पुन्हा."

पाचव्या वेळी इरा रडायला लागली. मेधानं तिचे खांदे मागून घट्ट धरले आणि तिला थांबू दिलं नाही.

सातव्या वेळी मेधानं प्रवेश पुढं जाऊ दिला आणि ते नवं वाक्य आलं. इरानं कागद खाली टाकला आणि कोणी थांबायच्या आत जवळजवळ ओरडून म्हणाली, "न्यायला कोणी आलं, तर आधी नाव विचारा."

वल्लरी दचकली. तिनं इराच्या चेहऱ्याकडं पाहिलं, घामाकडं, लाल झालेल्या नाकाकडं.

"अगं, तू कधी आलीस?" ती म्हणाली.

त्यानंतर इरानं एकही तालीम चुकवली नाही. मेधानं तो नियम काढून टाकला. कोणी आलं नाही तर त्याचं वाक्य शेजाऱ्यानं लगेच म्हणायचं, मधे श्वासाचीही फट सोडायची नाही. जूनमध्ये प्रयोग झाला. ठीक झाला. प्रयोगानंतर सुचित्रा भेटली, तिनं मेधाचे हात हातात घेतले. पण बोलताना जरा कुरकुरली. मुलगी पुन्हा पहिल्यासारखी झालीय, म्हणाली. जेवताना फोन, सगळं इंग्रजीत, दार लावून झोपणं. मधले तीन आठवडे किती गुणी झाली होती.

मेधानं दूर उभ्या असलेल्या इराकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून जांभई देत होती.

जुलैत नवीन सत्र सुरू झालं. दुसऱ्याच रविवारी मेधाला सपाटून ताप आला. आज वर्ग नाही, असा निरोप पालकांच्या ग्रुपवर टाकण्यासाठी तिनं फोन घेतला, आणि लिहिता लिहिताच तिचा डोळा लागला. उल्हास दिवसभर घरातच होता. दुपारी त्यानं तिला उठवून भाताची पेज पाजली, तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. संध्याकाळी सहाला ती जागी झाली तेव्हा ताप उतरला होता.

फोन उशाशी होता. अर्धा लिहिलेला निरोप तसाच पडून होता. अकरा मुलं बंद दारासमोर ताटकळली असतील.

ग्रुपवर चार-पाच पालकांचे नमस्कार होते, हसरे चेहरे होते. सुचित्राचा निरोप तिनं दोनदा वाचला.

'आजचा वर्ग फार छान झाला म्हणे. सगळी खूश आहेत. इरा सांगत होती, आंटी आज पहिल्यांदाच दमलेल्या वाटल्या नाहीत.'