पथ्यात बसणारा

मीठ

"दोन अंडी द्या."

"हा टेम्पो हाय, ताई. हितं तीसचा ट्रे मिळतो. सुट्टी न्हाईत."

"मग ट्रे द्या. आणि ताई म्हणू नका."

वेल्ह्याच्या एसटी स्टँडसमोर, तोरण्यावरचं धुकं अजून हललंही नव्हतं अशा थंडगार सकाळी हे बोलणं झालं. टेम्पोची दोरी सोडता सोडता बुद्धभूषण थांबला आणि त्यानं वर पाहिलं. समोर एक मुलगी उभी होती. अंगात बापाचा असावा एवढा मोठा स्वेटर, डोक्याला घट्ट बांधलेला मोरपंखी स्कार्फ, आणि भुवया... भुवया नव्हत्याच. त्यांच्या जागी पेन्सिलीनं काढलेल्या दोन रेघा होत्या. डावी जरा जास्तच वर गेली होती. त्यामुळं ती जगाला सारखं 'मग? काय करणार आहात?' असं विचारत असल्यासारखी दिसत होती.

"एवढी कोण खाणार?"

"मी. दोन आत्ता. बाकीची आत्याच्या नाकावर टिच्चून."

"आत्या कुठंयत?"

"मागच्या आळीत, रांगेत. एक बाबा पुडी देतो."

"कसली पुडी?"

"कॅन्सरची."

हा शब्द ऐकला की माणसं काय करतात, हे गायत्रीला आता पाठ झालं होतं. आधी 'अरेरे'. मग एक पाऊल मागं. मग कुणाच्या तरी मेलेल्या साडूची गोष्ट. ती वाट बघत राहिली.

बुद्धभूषणनं ट्रेवर हात ठेवला. "मग सुट्टी देतो."

"का? दया आली?"

"न्हाई वो. ट्रे घेऊन तुमी आत्यासमोर गेला, तर त्यो फुटंल. तुमच्याच डोक्यावर. माझा माल वाया जाईल."

ती हसली. तोंडातल्या फोडांना ते हसू झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच राहिली.

स्टँडवरच्या धोंडाबाईंनी चहाच्या पातेल्यात अंडी उकडून दिली. "पार घट्ट होऊ द्या, मावशी. कच्चं मला चालत नाही," गायत्रीनं बजावलं.

"उपास हाय व्हय?"

"पथ्य."

"अंड्याचं पथ्य!" धोंडाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "आमच्या येळंला न्हवतं असलं झ्याक दुखणं."

मागच्या आळीतून हाक आली, "गायत्रेऽऽ!" आणि ती दुसरं अंडं गालात कोंबून पळाली. तरीही वळून बघायला तिला वेळ मिळालाच.

डावी बाजू

ताटाच्या डाव्या बाजूला थोडं थोडं वाढतात. भोरला लागून असलेल्या उत्रोलीत, वडिलांच्या म्हणजे कोंडिबांच्या घरी, गायत्रीच्या ताटात सगळं जेवणच डाव्या बाजूला सरकलं होतं.

— साखर नको, गाठ वाढते.
— दूध नको.
— अंडं उष्ण.
— मीठ बंद.
— भात? नाव काढू नको.
— कारल्याचा रस घे. कच्चा.
— गव्हांकुरांचा घे. तोपण कच्चाच.
— सीताफळाचा पाला. माझ्या चुलतसासूच्या भाच्याला गुण आला.

(हा भाचा कुठल्या गावचा, ते आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही.)

पुण्याच्या हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंनी मात्र वेगळंच सांगितलं होतं. "गाठ विरघळवणारी भाजी अजून कुठल्याच मंडईत आलेली नाही. गाठीचं आम्ही बघतो. तू उभी राहा. डाळ, अंडी, मासे, दूध, भात, जे घशाखाली जाईल ते खा. ताजं, शिजवलेलं, गरम. कच्चे रस बंद. तुझ्या रक्तात सध्या लढायला शिपाई कमी आहेत, साधा जंतूही भारी पडेल. आणि वजन असंच उतरत राहिलं, तर पुढचा डोस कमी करावा लागेल. तसं व्हायला नको आहे मला."

रत्नाआत्या शेजारीच बसली होती. तिनं शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन कारलं किसायला घेतलं.

आत्या दुष्ट नव्हती. गायत्रीची आई गेली, तेव्हा दुखणं इतक्या उशिरा कळलं होतं की कुणाच्याच हातात काही राहिलं नव्हतं. या खेपेला आत्याच्या हातात निदान चूल होती. ती सोडायला ती तयार नव्हती.

पण गायत्रीही त्याच घरची होती.

कोंडिबांची पिठाची गिरणी होती. बहिणीला भिण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. वेल्ह्यातच गायत्रीचा पत्ता विचारून घेतलेल्या बुद्धभूषणचा टेम्पो भोरला जाताना गिरणीपाशी थांबू लागला, तसे कोंडिबा मागच्या खोलीत गॅसवर अंडी उकडू लागले. गिरणी चालू ठेवायचे, दळण असो-नसो. त्या घरघरीत टरफल फोडल्याचा आवाज घरापर्यंत जात नसे.

"वजन वाढलं का?" बुद्धभूषणनं एकदा विचारलं.

"मुलीला असं विचारतात?"

"अंडीवाला इचारतो. माल लागू पडला का न्हाई, बघाय नको?"

गिरणीत धान्याचा काटा होता. ती त्यावर चढली, एका हातानं स्कार्फ सावरत, नाक वर करून. काटा थरथरला आणि मागच्यापेक्षा जरासा पुढं जाऊन थांबला. जरासाच. कोंडिबांनी घाईघाईनं डोळ्यांतलं पीठ पुसलं.

"तुमच्या त्या पुण्याच्या बाईंना एक इचाराल?" बुद्धभूषण टरफलं गोळा करत म्हणाला.

"काय?"

"मी पथ्यात बसतो का?"

गिरणी एकदम फार मोठ्यानं चालतेय असं तिला वाटलं. "ताजा आहे का माल?"

"सत्तावीस वर्सांचा."

"म्हणजे शिळा. शिळं चालत नाही मला."

"गरम करून घ्या की..."

रक्त कमी आहे, रक्त कमी आहे, असं प्रत्येक रिपोर्टात येत होतं. मग गालांवर एवढं कुठून आलं, कोण जाणे.

कारलं

(कडू आहे. म्हणून थोडंच वाढतो.)

एक दिवस तो अंड्यांबरोबर एक हिरवी बाटली घेऊन आला.

"नसरापूरच्या मित्रानं दिलीया. पाल्याचा रस. कच्चा हाय, पर लोक म्हंत्यात..."

गायत्रीनं बाटलीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"तूपण?"

'तुम्ही'चं 'तू' व्हायची दोघंही कधीची वाट बघत होती. ते असं झालं.

"सगळ्यांनी मला बाटलीत भरायचं ठरवलंय. मला वाटलं, एक माणूस तरी माझ्याबरोबर जेवतो. तू माझ्या आजाराबरोबर जेवत होतास, भूषण."

तो बाटली घेऊन गेला. पुढच्या खेपेला टेम्पो गिरणीसमोरून न थांबता गेला. त्याच्या पुढच्या खेपेला आलाच नाही. गायत्री अंडी खात राहिली, दुकानातून आणून, एकटीच. आता तीही बेचव लागत होती, आणि त्यात औषधाचा काहीच दोष नव्हता.

मग तो आला. डोळे खोल गेलेले, पँट कमरेवर दोरीनं बांधलेली.

"हे काय झालं?"

"प्यालो."

"दारू?"

"त्यो रस. अख्खी बाटली." तो दाराच्या चौकटीला टेकला. "कॅन्सर बरा हुतो का म्हाईत न्हाई. पर चांगला माणूस आडवा हुतो. आठ दिस परसाकडंच मुक्काम."

तिला हसायचं नव्हतं. तिनं ओठ घट्ट मिटले. खांदे मात्र हलले.

"तुला द्यायच्या आधी चाखाय पायजे व्हती. मागनं चाखली." तो हळूच म्हणाला. "भ्यालो गं मी. काईतरी करावं वाटतं... हात रिकामं ऱ्हायलं की मानूस बाटली धरतो."

गायत्रीला एकाएकी कारलं किसणारे आत्याचे हात आठवले. राग निम्मा तिथंच विरघळला. उरलेला निम्मा तिनं कामासाठी ठेवला.

"हात रिकामे आहेत ना? मग लसूण सोल. भरपूर. आज वरणाला फोडणी मी देणार आहे, आणि आत्याच्या चुलीवर देणार आहे."

त्या संध्याकाळी घरात वरणभात झाला. मीठ घातलेला. आत्या चुलीजवळ उभी राहून म्हणाली, "मरायचंय का तुला?"

"नाही आत्या. म्हणून तर खातेय," गायत्री म्हणाली, आणि तिच्यासमोर बसून, एक एक घास करत, सगळं ताट संपवलं. आत्या ओसरीवर जाऊन पाठ फिरवून बसली. पण त्या रात्रीपासून किसणी फळीवरून खाली आली नाही.

मधोमध

उन्हाळ्यात चुलतबहिणीचं लग्न होतं, हिर्डोशीला. पुढचा डोस तोंडावर आला होता. वजन टिकलं होतं, डोस पुरा मिळणार होता. "गर्दीत मास्क लाव, गरम असेल तेच खा," एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. हिर्डोशीला एसटी कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून अर्धं वऱ्हाड बुद्धभूषणच्या टेम्पोतून वर गेलं. अंड्यांच्या टेम्पोत बसलेल्या बायकांनी वळणावळणाला त्याला 'हळू हाक, आमी फुटू' असं सुनावलं.

पंचशील झालं, फुलं पडली, टाळ्या झाल्या. मांडवात पंगत बसायला लागली. पत्रावळी मांडल्या गेल्या. आणि नवरीची मावशी एक पत्रावळ घेऊन मांडवाच्या पार कडेला, शेवटच्या खांबाआड गेली.

"गायत्री, तू हितं बस बाई. निवांत जेवशील."

"पंगत तिकडं आहे ना, मावशी?"

मावशीनं आवाज उतरवला. "तसं न्हाई गं... लेकुरवाळ्या बाया हायत्या पंगतीत. कुनाला काय सांगावं, लागंल-बिगंल..."

लागंल. कॅन्सर. पत्रावळीवरून.

गायत्रीनं मास्क खाली केला. वाकून स्वतःची पत्रावळ उचलली, दोन्ही हातांत धरली, आणि सगळ्या पंगतीच्या देखत चालत चालत बरोबर मधोमध जाऊन बसली.

डावीकडची बाई उठली. उजवीकडचीही उठली. दोन्ही बाजूंना रिकामी सतरंजी उरली.

"पुरी वाढा," गायत्री म्हणाली. आवाज कापला, पण पुरेसा मोठा निघाला. "भाजी गरम असेल तर वाढा. काकडी नको."

वरणाची बादली घेऊन वाढत येणारा बुद्धभूषण तिथं पोचला. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. बादली खाली ठेवली आणि डावीकडं मांडी घालून बसला.

"पान कुठंय तुझं?"

"एकात भागंल."

त्याचा हात पत्रावळीकडं आला. तिनं फाडकन चापट मारली. "पानात हात घालायचा नाही! जंतू येतील मला."

"मग तू दे."

तिच्या हातात अर्धी खाल्लेली पुरी होती. ती थबकली. सगळा मांडव बघत होता. तिनं ती पुरी वरूनच त्याच्या तळहातावर टाकली आणि त्यानं अख्खी तोंडात घातली.

"अरं, उष्टं हाय त्ये!" मावशी ओरडली.

"व्हय," भरल्या तोंडानं तो म्हणाला. "म्हनून तर ग्वाड लागतंय."

पोरी फिसकन हसल्या. कुणीतरी शिट्टी मारली. आणि मग उजवीकडची सतरंजी हलली. रत्नाआत्या बसली होती. गुडघे धरत, कण्हत, पण बसली होती.

"आत्या?"

"गप." आत्या तिच्याकडं न बघताच मावशीला म्हणाली, "माझ्या आजीला लोकांनी लांबनं पानी वाढलं. वरनं, ओंजळीत. आता आपल्याच मांडवात आपल्याच पोरीला कडंला बसवाय निगालीस? माझं पान हिच्याशेजारी मांड."

मावशीनं पान मांडलं.

पंगत पुन्हा बोलू लागली. बुद्धभूषण हळूच गायत्रीकडं झुकला. "तुझं उष्टं मला चालतं."

"तुझं मला नाही चालत."

"कदी चालंल?"

"रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या की." तिनं भाताचा घास कालवला, तसाच ठेवला. "भूषण, वाढतीलच असं कुणी लिहून दिलेलं नाही. रिपोर्ट काय येईल, मला माहीत नाही. खाऊन कॅन्सर जात नाही. नुसतं उभं राहता येतं..."

"रिपोर्टचं डॉक्टर बघत्याल. मी जेवनाचं इचारतोय." आता त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता. "आज तुझ्याशेजारी बसलो. उद्या बसाय देशील? आन् रिपोर्ट येईल त्याच्या दुसऱ्या दिशी? कसाबी येऊ दे."

गायत्रीनं समोर पाहिलं. समोरच्या रांगेत कोंडिबा बसले होते. ऐकलं नाही असं दाखवायची त्यांची धडपड चालली होती, आणि ती त्यांना मुळीच जमत नव्हती.

तिनं मान वर केली आणि वाढप्याला हाक मारली. "ओ दादा! इकडं एक पान आणा."

बुद्धभूषणचा चेहरा पडला. "येगळं?"

"वेगळंच. माझं पथ्य आहे." मग तिनं स्वतःची पत्रावळ उचलून एक वीत डावीकडं सरकवली. "पण माझ्या पानाला चिकटून मांडायचं. आज, उद्या, आणि दुसऱ्या दिवशीही."

दोन पत्रावळींच्या कडा एकमेकींवर चढल्या. त्यानं काही म्हणायला तोंड उघडलं, पण उजवीकडून रत्नाआत्या मांडवभर ऐकू जाईल अशी कडाडली—

"अवो अंडीवाले, ती वरणाची बादली तशीच ठिवून काय बसलाय? गार झालं त्ये! कडत आना दुसरं. माझ्या पोरीला कोमट चालत न्हाई!"