अठ्ठावीस गाल

खण्ण!

दुपारच्या सुन्न घरात परसातल्या पाण्याच्या पिंपाचं झाकण वाजलं. मी शाल गुंडाळून तशीच धावले. एक अनोळखी माणूस, पँट दुमडलेली, हातात टॉर्च, आमच्या पिंपात डोकं घालून बघत होता! ओरडायला तोंड उघडलं… आवाजच नाही. तीन दिवसांच्या तापानं घसा पार बसला होता.

"कॉर्पोरेशन," तो घाईघाईनं तमिळमध्ये म्हणाला. "डासांच्या अळ्या बघतोय."

"वासुकी, कोण आलंय गं?" आतून आईनं मराठीत विचारलं.

त्याचे डोळे एकदम हसले. "मी श्रीकर, मामी!" तो आमच्याच तंजावुरी मराठीत ओरडला. "राजवाड्यामागच्या गल्लीतल्या वेंकटराव मास्तरांचा नातू." मग माझ्याकडे वळून, हळूच, "पिंपात अळ्या नाहीत. तुमचा मात्र… या पावसाळ्यात कितवा ताप?"

मी तीन बोटं दाखवली.

"अय्यो! करता काय तुम्ही?"

"एल.के.जी.ची टीचर आहे," आई बाहेर येत म्हणाली. "अठ्ठावीस पोरं. आता पोंगलच्या आत आणखी एक रजा पडली तर वर्ग दुसऱ्या टीचरला देणार म्हणतात."

आईचा इतका राग आला! परक्याला कशाला सांगायचं? त्या पोरांच्या हातात पहिली पेन्सिल मी दिली होती. वर्ग माझा होता.

पुढच्या आठवड्यात तो शाळेची टाकी तपासायला आला. शाळा सुटत होती, पत्र्यावर इकडचा ऑक्टोबरचा पाऊस तडतडत होता. मी दारात उभी राहून एकेका पोराच्या गालाला हात लावायची आणि तीच बोटं ओठांना टेकवायची. इकडे सगळेच अशी माया करतात.

"अठ्ठावीस," मागून आवाज आला.

"काय अठ्ठावीस?"

"गाल. सर्दीचे, शेंबडाचे, इडलीचे… आणि अठ्ठावीसदा तुमचे ओठ. टीचर, डास उगाच बदनाम झालेत."

"मग पोरांवर माया करायची नाही?"

"करा की! पण वाटेत ओठ कशाला…" एवढं बोलून तो स्वतःच लाजला. "म्हणजे… अळ्यांच्या खात्यातला माणूस मी. कसं बोलावं कळत नाही."

मला हसू आवरेना.

उपाय मात्र मीच शोधला. गालावरून हात हवेतूनच उतरवायचा आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची, दृष्ट काढतात तशी. तो कडकडाट ऐकायला पोरं रांग लावू लागली! रंगानं चिकटून बसलेल्या खिडक्या श्रीकरनं एका शनिवारी स्क्रू ड्रायव्हरनं उघडून दिल्या. नळाशी साबण आला. हात चोळताना आम्ही बसचे थांबे म्हणायचो… तंजावूर, अय्यमपेट्टै, पापनाशम…

"पापनाशमलाच उतरायचं नाही हं," मी बजावायची. "कुंभकोणम आल्यावर नळ बंद!"

पोरं चावतात म्हणून माझं पेन मी वेगळं ठेवलं, पाण्याची बाटलीही. दवाखान्यात जाऊन फ्लूची लस टोचून घेतली. माझी पर्स मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर कोण बसलं होतं, सांगायला नकोच.

नोव्हेंबर गेला. डिसेंबरात शेजारच्या दोन्ही टीचर खोकत घरी बसल्या. माझी रजा… एकही नाही.

पोंगलच्या सुटीआधीच्या दिवशी हेडमिस्ट्रेस रंजना मॅडम सगळ्या शिक्षिकांना घेऊन माझ्या दारात आल्या. "बघून घ्या, वासुकी काय काय करते," म्हणाल्या, आणि कागद माझ्या हातात दिला. पुढच्या वर्षीही वर्ग माझाच! मान अशी ताठ झाली माझी, की पदर सावरायलाही खाली वाकवेना.

त्या गेल्या, आणि श्रीकर आत आला.

"टाकी बघायला?" मी मराठीत विचारलं. पोरं तमिळ, काय कळणार त्यांना?

"तीनदा बघितली. एकही अळी नाही." तो टॉर्च उगाच चालू-बंद करत होता. "पोंगलला… तुमच्या वडिलांना, अप्पाजींना, भेटायला येऊ?"

"कशाला? ते ठणठणीत आहेत."

"मला ताप आहे ना."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. शाल गुंडाळून कुणीतरी परसात धावत आलं… तेव्हापासून."

मी हातातला कागद आणखी एकदा दुमडला. तो इतका जवळ उभा होता, की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास येत होता.

तेवढ्यात पदर ओढला गेला. राजवाड्याजवळच्या मराठी घरातला विघ्नेश. वर्षभर वर्गात ज्यानं तमिळशिवाय शब्द काढला नव्हता, तो चक्क मराठीत विचारत होता,

"मिस, ताप आला तर घरी जायचं, तुम्हीच सांगता. मग सरांना जा का म्हणत नाही?"