देवी निजलीय, सही नंतर

जळकोटच्या स्टँडवर त्यानं स्कूटी थांबवून मला विचारलं, "दैवशाला मॅडमचं घर कुठं आलं?"

दैवशाला म्हणजे मीच. त्याच्या खांद्याला बँकेची बॅग. बँक म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मी शाळेत शिकवते; भर तासाला "लोन पाहिजे का" म्हणून फोन करणाऱ्यांनी जीव नकोसा केलाय. मी सरळ त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. घरी येऊन चहा टाकला अन् आठवलं... घराचं कर्ज कमी व्याजाच्या बँकेत वळवायला मीच तर अर्ज केला होता!

थोड्या वेळानं तो दारात हजर. "मॅडम, तिकडं मसणवाटा आहे," तो शांतपणे म्हणाला. लाज वाटायच्या ऐवजी मला हसूच फुटलं.

नाव रुद्रेश. हप्ता दोन हजारांनी कमी होणार होता, पण हा कमी व्याजदर महिनाअखेरपर्यंतच. मी सही केली. कर्ज आईच्याही नावावर, तिनं मात्र पेन खाली ठेवला.

"देवी निद्रेत हाय. तवर घराच्या कागदाला हात लावायचा न्हाय."

नवरात्राआधी तुळजापूरची देवी पलंगावर निजते, तेव्हा आमची आई गादी सोडून जमिनीवर निजते, हे खरं. पण देवीच्या झोपेत बँकेची सही चालत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

घट बसले. आई म्हणाली, "आता उपास हाय. उपाशीपोटी सही न्हाय."

रुद्रेश येतच राहिला. आई त्याला भगर वाढायची, तो कपाआडून माझ्याकडं बघायचा...

"धाराशिवच्या बँकेतून सास्तूरला, तुमच्या गावाला जायला जळकोट कशाला लागतंय?" मी विचारलं.

"वळसा पडतो जरा."

"दुसरी गिऱ्हाइकं न्हाईत का तुम्हाला?"

"आहेत की. पण ती लगेच सही करतात."

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला, अन् माझा पारा चढला. "आई, आज सही कर. न्हायतर दर जाईल."

आई भगर वाढता वाढता म्हणाली, "सही केल्यावर हे लेकरू परत येईल का?"

"म्हणजे... देवीचं नाव उगंच पुढं केलंस?"

"तिला सांगून केलंय. रोज माफी मागते."

रुद्रेशचे कान लाल झाले. "मावशी, सही करा. मॅडमचं नुकसान नको. मी तसाही येणार."

"कशाला?" मी दरडावलंच.

"तुम्हाला बघायला."

मी आधीच सांगून टाकलं, "हे घर आईचं आहे. लग्नानंतरही हप्ते मीच भरणार. एवढ्यावरच दोन स्थळं पळालीत."

"कागद मीच भरलेत, मॅडम. अजून अठरा वर्षं आहेत, माहितीय मला. कमी पडलं तर... माझाही पगार आहे."

आजवर कुणी मला असं म्हणालं नव्हतं. माझे डोळे भरून आले, अन् ते भरल्याचाही मला राग आला.

आईनं गुपचूप पेन उचलला. सही करून कागद त्याच्याकडं सरकवला अन् आत गेली.

तो उठला. "मग... उद्या येऊ?"

"या," मी म्हणाले. "तुम्ही आला न्हाईत की मला लई सुनं सुनं वाटतंय."