दुसरी सही

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात बिश्केकच्या त्या कोपऱ्यावर अशा काही गारा कोसळल्या, की रस्त्यावरची माणसं हसत-ओरडत मिळेल त्या आडोशाला धावली. बेगायीमच्या वाट्याला माक्सिम हे धान्याचं पेय विकणाऱ्या म्हातारीची निळी छत्री आली. छत्रीखाली एक माणूस आधीच उभा होता. उंच, खांदे जरा वाकलेले, हातात आंबूस माक्सिमचा पेला.

“आत सरक, पोरी! तो चावत नाही. दोन वर्षं रोज येतो, अजून धड बोललासुद्धा नाही,” म्हातारी म्हणाली.

बेगायीमच्या केसांत गारा अडकल्या होत्या. अंगातलं जाकीट मात्र तिने छातीशी धरलेल्या एका छोट्या यंत्राभोवती गुंडाळलं होतं. तळहाताएवढी काळी डबी, छोटा पडदा, वर एक लाल दिवा.

“डोकं ओलं, डबी कोरडी...” तो माणूस पुटपुटला.

“डोकं वाळतं. ही वाळत नाही.”

तो वाकून दिव्याकडे पाहू लागला. “तीनदा लुकलुकतेय. म्हणजे हिची वीज गेली होती... आणि ही आत्ताच नव्याने जागी झालीय.”

बेगायीमने चमकून पाहिलं. पापण्यांवरून पाणी ओघळत होतं, तरी तिला त्याचे डोळे दिसले. शांत, जरा घाबरलेले. “तुम्ही याच धंद्यातले? मग ऐका. तुम्हाला ‘कुल्पु’ माहीत असेल.”

त्याने पेला तोंडाला लावला.

“निरोप मोहोरबंद करणारा कोड. कुणीही बघावा, वापरावा, सुधारावा, असा उघडा ठेवलेला. मीही तोच वापरते. पण तो सांभाळणारा जो कोणी आहे ना, तो एक नंबरचा गाढव आहे. मी तीन तक्रारी लिहिल्या. वीज गेली की कुल्पु मोजणी विसरतं, पुन्हा एकपासून सुरू करतं, तेच आकडे दुसऱ्यांदा वापरतं. तिन्ही तक्रारी बंद! उत्तर काय, तर — ‘डबीची वीज जाऊ देऊ नका.’ जायलूवर! डोंगरातल्या कुरणांवर, जिथे डबी उन्हाच्या विजेवर चालते आणि ढग आला की वीज जाते! हा माणूस कधी डोंगरावर तरी गेलाय का?”

त्याला जोराचा ठसका लागला. म्हातारीने त्याच्या पाठीत दोन थापा मारल्या.

गारा थांबल्या. रस्ता पांढरा झाला होता. तो छत्रीबाहेर पाऊल टाकताना थबकला.

“गेलोय,” तो म्हणाला. “जन्मच डोंगरावरचा आहे. आणि... तो गाढव मीच. एसेन.”

*

दुसऱ्या दिवशी सार्वजनिक ग्रंथालयाच्या उपाहारगृहात ते समोरासमोर बसले. खिडकीतून पॉपलरच्या झाडांचा कापूस आत येत होता आणि चहाच्या किटलीवर बसत होता. एसेनने तिच्यापुढचा पेला काठोकाठ भरला.

बेगायीमने भुवया उंचावल्या. “काठोकाठ? म्हणजे पी आणि चालती हो?”

“नाही, नाही!” तो कानापर्यंत लाल झाला. “पाहुण्याला कमी ओततात, ठाऊक आहे मला. पण... एकटाच पितो ना. सवय मोडली.”

तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. हसायला वेळ नव्हता. आठ दिवसांनी दोनशे डब्या सुइणींबरोबर उन्हाळी कुरणांवर, जायलूवर, निघणार होत्या. कुणाला दिवस गेले, कुणाचं मूल गेलं, हे सगळं त्या डब्यांतून खाली जिल्ह्याच्या दवाखान्यात कळवलं जाणार होतं. प्रत्येक निरोपाला कुल्पु एक नवा आकडा देतं आणि त्याच्या आधाराने निरोप बंद करतं. अट एकच, तोच आकडा पुन्हा वापरायचा नाही. दोन निरोपांना एक आकडा मिळाला, तर ते शेजारी ठेवून कुणीही हुशार माणूस दोन्ही वाचू शकतो.

“गेल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं, जिपार एजेचं, मूल पोटातच गेलं,” बेगायीम खाली बघत म्हणाली. “सुइणीने साध्या फोनवरून खाली कळवलं. एजे घोड्यावर बसून खाली गावात आली, तर दुकानातल्या बायका तिला पाहून गप्प झाल्या. तिच्या नवऱ्यालासुद्धा ते दुकानदाराकडून कळलं... म्हणून मी या डब्यांच्या कामाला लागले. आणि आता आमचे संचालक तालाय बाइके म्हणतात, चाचणी पास म्हणून सही कर. ‘तुझी पत्रं काय मेंढ्या वाचणार आहेत?’ म्हणतात.”

“तुम्ही केली सही?”

“केली असती तर इथे बसले असते?”

एसेन किटलीवरचा कापूस बोटाने गोळा करू लागला.

“तुमची तक्रार बरोबर होती,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. दुरुस्ती कशी करायची तेही ढोबळ ठरवून ठेवलंय. पण कुल्पुची नवी आवृत्ती काढायची तर दोन माणसांच्या सह्या लागतात, असा नियम आहे. माझा जोडीदार तीन वर्षांपूर्वी परदेशात गेला. जाताना सही करायची आपली संगणकी किल्ली रद्द करून गेला. तेव्हापासून दुसरी सहीच नाही.”

“नियम कुणी केला?”

“मीच.”

“मग खोडा की!”

“नाही.” पहिल्यांदाच त्याचा आवाज ठाम झाला. “एकट्या माणसाच्या मर्जीवर जे उघडतं, त्याला कुलूप म्हणत नाहीत. उद्या मला कुणी धमकावलं, विकत घेतलं, तर? नियम राहणार.”

“मग निदान खरं लिहायचं! वीज जाऊ देऊ नका, हे काय उत्तर झालं?”

“खरं लिहायचं म्हणजे... ‘माझ्याबरोबर कुणी नाही’ असं लिहावं लागलं असतं. सगळ्यांना दिसेल असं.”

बेगायीमने तो काठोकाठ भरलेला पेला एका दमात रिकामा केला आणि ठक्कन खाली ठेवला.

“ओता आणखी. मी कुठेही जात नाही. दुसरी सही माझी.”

“असं लगेच होत नाही. आधी तीन दुरुस्त्या स्वीकारल्या जाव्या लागतात, मग...”

“तीन तक्रारी बंद केल्यात ना? त्याच उघडा. दोष एकच, पण त्याचे भाग तीन. तिन्ही मी दुरुस्त करते. बघते कोण नाकारतं ते, एसेन बाइके!”

“बाइके नका म्हणू,” तो कळवळून म्हणाला. “एवढा काही थोरला भाऊ शोभत नाही मी.”

*

पुढचे सहा दिवस ऑफिस सुटलं की ती तडक ग्रंथालयात यायची. पहिल्या दोन दुरुस्त्या त्याने मुकाट्याने स्वीकारल्या. तिसरीवर, मोजणीच्या दुरुस्तीवर, चांगलंच वाजलं.

“प्रत्येक आकडा वापरला की डबीने तो कायमच्या साठवणीत लिहून ठेवायचा,” एसेन म्हणाला. “म्हणजे वीज गेली तरी विसरणार नाही.”

“आणि दरवेळी लिहून लिहून ती साठवण एका उन्हाळ्यात झिजेल! कागद खोडरबराने झिजतो तशी. डोंगरावर नवी डबी कोण नेऊन देणार, तुम्ही?”

“मग काय करायचं?”

“हजार आकडे आधीच राखून ठेवायचे आणि एकदाच लिहायचं, ‘हजारापर्यंत माझे’. वीज गेली, जाग आली, मागचं आठवत नाही? नको आठवू दे! सरळ एक हजार एकपासून पुढे.”

“मधले आकडे वाया जातील.”

“आकड्यांचा काय दुष्काळ पडलाय? मागे वळून तेच पुन्हा वापरण्यापेक्षा... पुढे उडी मारलेली बरी.”

तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या कानामागच्या बटेत कापसाचा एक पुंजका अडकला होता. त्याने हात उचलला, अर्ध्यावर थांबवला, आणि किटली उचलली. चहा ओतला तो अर्धा पेला.

“परवा पाऊण होता,” ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली.

“तुम्ही मोजता?”

“मोजणी विसरायचा आजार तुमच्या कुल्पुला आहे. मला नाही.”

त्याने डबीची तार त्या संध्याकाळी चाळीस वेळा उपटली आणि चाळीस वेळा जोडली. एकदाही आकडा पुन्हा आला नाही.

“चाळीसच का?” तिने विचारलं.

“किर्गीझ माणूस ना मी. चाळीस टोळ्यांचे आम्ही; त्याच्या आत मोजणी संपलीशी वाटतच नाही.”

तेव्हा मात्र ती खळखळून हसली. शेजारच्या टेबलावरच्या प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं, तरी हसली.

सहाव्या दिवशी ऑफिसात तालाय बाइकेंनी तिला बोलावलं. टेबलावर चाचणीचा कागद होता.

“ऐकतोय मी सगळं,” ते म्हणाले. “तिकडे कुल्पुच्या जाहीर नोंदीत, चव्हाट्यावर दोष लिहिणार म्हणे तू. पोरी, शहाणी आहेस. इथे सही कर, तिथे नाव घालू नकोस. पुढच्या वर्षी दुरुस्त करू की निवांत.”

“आणि या वर्षीच्या बायकांचं काय, बाइके?”

“कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना!”

तिने पेन घेतलं. त्यांचा चेहरा सैलावला. तिने ‘पास’ हा छापील शब्द आडवी रेघ मारून खोडला, वर ठळक अक्षरांत ‘नापास’ लिहिलं, आणि खाली सही केली. पूर्ण नावाने, तारखेसकट.

“आता उद्यापासून येऊ नकोस,” तालाय बाइके म्हणाले.

“हो. उद्या मला वेळही नाहीये.”

जिना उतरून ती तडक ग्रंथालयात गेली आणि तिने एसेनला सगळं सांगितलं.

*

“जाहीर नोंदीत तुमचं नाव नको घालायला,” एसेन म्हणाला. दुसऱ्या दिवशीची भर दुपार होती आणि ते त्याच कोपऱ्यावर, त्याच निळ्या छत्रीखाली उभे होते. “दुसरी नोकरी शोधायची आहे तुम्हाला. दोष कुणीतरी कळवला, एवढंच लिहितो. सहीसाठी आणखी कुणी...”

“एसेन बाइके!”

तो तिच्याकडे वळला.

“मोठ्या मुश्किलीने एक सही मिळालीय तुम्हाला, आणि ती लपवून ठेवायची? माझं नाव लिहा. वडिलांचं नावही लिहा. गावाचं लिहा हवं तर! तोंड लपवून सही करायला मी काही चोरी केलेली नाही.”

“नोंदीच्या वरच्या ओळीत मीही काहीतरी लिहिलंय,” तो हळूच म्हणाला. “‘चूक माझी. तीन वेळा सांगितली गेली, तिन्ही वेळा मी ऐकली नाही.’ चालेल?”

तिने होकारार्थी मान हलवली.

“चला मग. पासपोर्ट काढा.”

हा त्यांच्या कामातला जुना रिवाज. दुसऱ्याची किल्ली खरी मानायची, तर समोरासमोर भेटायचं, ओळखपत्र बघायचं, आणि आपल्या किल्लीचा चाळीस अक्षरांचा ठसा स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवायचा. पत्र नको, फोन नको. माणूसच हवा.

“काय हा फोटो!” बेगायीम म्हणाली. “घोडा हरवल्यासारखा चेहरा. आणि हे काय? फक्त तीन वर्षांनी मोठे? मी उगीच बाइके बाइके करत होते!”

“तेच सांगत होतो...”

“वाचा.”

त्याने कागद धरला. “सात, बी, शून्य, ई... चार, चार, सी, नऊ...” चार-चारांचे दहा गट. त्याचा आवाज आधी कापरा होता, मग सावरला. ती हातातल्या फोनच्या पडद्यावर एकेक अक्षर जुळवत होती. पाचव्या गटापर्यंत. मग ती त्याच्याकडेच बघू लागली.

“...एफ, दोन, दोन, एक. झालं.”

“परत.”

“चुकलं कुठे?”

“चुकलं नाही. पण... पडताळा दोनदा घेतलेला बरा.”

त्याने पुन्हा वाचलं. या वेळी संथ, एकेक अक्षर तिच्या तळहातावर ठेवावं तसं. म्हातारीने पेले पुसायचं थांबवलं होतं.

“इतक्या वर्षांत या छत्रीखाली बरंच ऐकलं,” ती म्हणाली, “पण आकडे वाचून कुणाला इतकं लाजताना पाहिलं नव्हतं.”

मग बेगायीमने तिचा ठसा वाचला. त्याने तीनदा वाचायला लावला.

“आपा, बघा ना,” ती म्हातारीला म्हणाली, “आमच्या किल्ल्या आता एकमेकींना ओळखतात, आणि हा माणूस अजून मला ‘तुम्ही’ म्हणतो.”

एसेनने हात पुढे केला. या वेळी तो अर्ध्यावर थांबला नाही. तिच्या केसांतला कापूस त्याने अलगद काढला.

“सही कर, बेगायीम,” तो म्हणाला. “तुझ्याशिवाय अडलंय.”

*

दोष उघड्यावर लिहिला गेल्यावर झाकायला तालाय बाइकेंकडे काही उरलं नाही. दवाखान्याने नवी आवृत्ती घातल्याखेरीज एकही डबी घ्यायला नकार दिला. डब्या चार दिवस उशिरा वर गेल्या, पण नीट होऊन गेल्या. त्यांची शेवटची तपासणी करायला सुइणींनी बेगायीमलाच बोलावलं. ती एकटी गेली नाही.

जायलूवर स्वच्छ सकाळ होती. जिपार एजेच्या तंबूपुढे गवत अजून दवाने ओलं होतं. बेगायीमने एसेनच्या हातात एक डबी दिली आणि त्याला ओढ्यापलीकडच्या उतारावर पिटाळलं. मग तिने आपल्या डबीची तार उपटली. दिवा विझला. तार जोडली. दिवा तीनदा लुकलुकला. पडद्यावर आकडा आला — एक हजार एक.

“झालं का गं?” जिपार एजेने तंबूच्या दारातून विचारलं.

“आता होईल.”

ती निरोप लिहू लागली. लिहिला... खोडला... पुन्हा लिहिला, आणि डोळे मिटून पाठवला.

पलीकडच्या उतारावर एसेनने डबी डोळ्यांजवळ नेली. मग तो गवतात मटकन बसला. मग उठला. पुन्हा एकदा वाचलं. आणि दोन वर्षं एका छत्रीखाली धड न बोललेल्या त्या माणसाने दोन्ही हात तोंडाभोवती धरले, आणि सगळ्या जायलूला ऐकू जाईल असा ओरडला —

“हो!”

घोड्यांनी माना वर केल्या. दूरच्या तंबूतून कुणीतरी डोकावलं. डोंगराने ते ‘हो’ दोनदा परत केलं.

“अगं, काय विचारलंस त्याला?” जिपार एजे बाहेर आली.

“ते कुणालाच कळणार नाही, एजे.” बेगायीमचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. “तुलासुद्धा नाही.”

जिपार एजे तिच्याकडे बघत राहिली, मग ओढा ओलांडून धावत येणाऱ्या त्या उंच माणसाकडे. कितीतरी महिन्यांनी ती मोकळं हसली. आत जाऊन तिने किटली आणली, तिसरा पेला पुढे ओढला आणि त्याच्यासाठी चहा ओतला — जेमतेम घोटभर.