डचेसचा डावा डोळा

"मला आजवर एकाही गुरानं फरपटत नेलेलं नाही," ब्रिटा लिंडक्विस्ट समोर बसलेल्या पोरांना सांगत होती, "आणि नेणारही नाही. कारण दोर हातात नसतो, पोरांनो... दोर इथे असतो." आणि तिनं बोट कपाळाला लावलं.

तिच्या गाईचा, डचेसचा, दोर मात्र ब्रिटाच्या मनगटाला गुंडाळलेला होता. असं कधीही करू नका, हे तिनं पोरांना नुकतंच बजावलं होतं.

पुढे जे झालं ते नेब्रास्काच्या त्या जत्रेत आठवडाभर चवीचवीनं सांगितलं गेलं. तांबड्या ब्रेकन जातीच्या गुरांच्या तरुण संघटनेची भावी अध्यक्ष साबणाच्या डबक्यातून गेली, दोन बादल्यांमधून गेली, लिंबू सरबताच्या टेबलाखालून गेली, आणि 'पुढारीपण शिका, ब्रिटाकडून' असं लिहिलेला स्वतःचाच फलक छातीवर घेऊन धुण्याच्या ओट्यापाशी एका पोराच्या बुटांवर येऊन थांबली.

पोरगं आपली कालवड धूत होतं. त्यानं एका हातानं डचेसची म्होरकी धरली. दुसऱ्या हातात पाण्याचा पाइप होता, तो चालूच राहिला. जुलैचं ऊन रणरणत होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि ब्रिटा नखशिखांत भिजत होती.

"कुठे निघालात?" त्यानं विचारलं.

"फिरायला," ब्रिटा चिखलातून म्हणाली.

"वा! गाईलाही बरोबर घेतलंत."

"पाइप बंद करतोस का?"

"करतो की. आधी उजव्या कानामागचा साबण जाऊ दे तुमच्या... हां. आता झालात प्रदर्शनात उभ्या राहण्यासारख्या."

तिनं वर पाहिलं. त्याच्या भुवयांवर पाण्याचे थेंब, नाकावर फेस, आणि हसू दाबायचा प्रामाणिक पण पार फसलेला प्रयत्न. नाव ओरिन टॅकेट. मिसुरीच्या डोंगरातून एकच कालवड घेऊन आला होता. कालवडीचं नाव बिस्किट.

"काय झालं हिला अचानक?" ओरिननं डचेसच्या गळ्यावर हात फिरवत विचारलं.

"डोळ्यात साबण गेला," ब्रिटा म्हणाली.

साबण गेला नव्हता. पलीकडून पांढरी टोपी घातलेला एक माणूस चालला होता. डचेस लहान असताना ज्या डॉक्टरनं तिची शिंगं जाळली, त्याच्या डोक्यावर तसलीच टोपी होती, आणि तो डाव्या बाजूनं आला होता. तेव्हापासून डावीकडे पांढरी टोपी दिसली की डचेस जमिनीवर राहत नसे. उपाय सोपा होता. तिच्या डाव्या डोळ्यावर अलगद तळवा ठेवायचा. ती गरीब मेंढी होऊन जायची. पण हे लिंडक्विस्टांच्या गोठ्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. "गाय बुजरी आहे हे एकदा बाहेर गेलं की वासरू कुणी विकत घेत नाही," डॅड म्हणायचे. आणि डॅडचं एकच स्वप्न होतं. दिवाणखान्यात शेकोटीच्या वर त्यांनी एक खिळा ठोकून ठेवला होता, जनावर हाताळण्याच्या स्पर्धेत पहिल्या येणाऱ्याला मिळणाऱ्या जांभळ्या पताकेसाठी. ब्रिटा तीनदा दुसरी आली होती. खिळ्याला आता गंज चढत होता. आणि एकविसाव्या वर्षी तरुण संघटनेतून माणूस बाहेर पडतो. ब्रिटाचं हे शेवटचं वर्ष होतं.

दुपारी पुढारीपणाची कार्यशाळा होती. विषय: विश्वास. संघटनेचा जुना रिवाज असा की गवताच्या भाऱ्यांवर चढायचं, पाठ फिरवायची, डोळे मिटायचे आणि मागे पडायचं. खाली दोन रांगा हात पसरून उभ्या. नव्या अध्यक्षानं तर शेवटच्या दिवशी सगळ्या जत्रेसमोर असं पडल्याशिवाय त्याला कुणी अध्यक्षच म्हणत नाही. ओरिन सगळ्यात आडदांड, म्हणून त्याला मधे उभं केलं. ब्रिटा पडली. थेट त्याच्या हातांत.

"जड आहे का रे मी?"

"बिस्किटपेक्षा हलकी."

"ती किती आहे?"

"अकराशे पौंड."

"ही स्तुती होती?"

"आमच्या डोंगरात याहून मोठी स्तुती नसते, बाईसाहेब."

"आता सोड मला. पुढची मुलगी पडायला थांबलीय."

"थांबू दे की... विश्वास शिकतेय ती."

त्यानं सोडलं, पण लगेच नाही. आणि ब्रिटालाही घाई नव्हती.

मग काय! प्रेमात पडलेली माणसं एरवी चांदणं बघतात. ही दोघं शेजारी शेजारी उभी राहून गाईंचे केस विंचरत होती. गाईंचे केस वाळवायच्या ब्लोअरचा असा गोंगाट की गोड बोलायचं तरी ओरडून बोलावं लागे. "तुझे डोळे छान आहेत!" ओरिन ओरडला. "काय?" "डोळे!" "गोळे? कसले गोळे?" पलीकडच्या गोठ्यातल्या बायकांनी ब्लोअर बंद करून कान दिले होते.

ब्रिटा अध्यक्षपदाला उभी होती. तिची घोषणा होती, 'आधी मैत्री, मग फीत!' फीत म्हणजे बक्षिसाची. ओरिननं तिची पोस्टरं गोठ्याच्या खांबाखांबावर चिकटवून दिली. गाईच्या पायांचे केस ताठ उभे करायला जो गोंद फवारतात, तोच वापरला. तो गोंद मुसळधार पावसातही सुटत नाही. एक पोस्टर त्यानं हौसेनं आपल्या ट्रेलरच्या दारालाही लावलं. ब्रिटा भरघोस मतांनी निवडून आली.

हाताळणीच्या स्पर्धेच्या फायनलच्या आदल्या दिवशी दोघं डचेसवर शेवटचा कंगवा फिरवत होती. डावीकडून पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा गेला. ब्रिटानं डचेसच्या डोळ्यावर पटकन तळवा ठेवला.

"लाजते का ती?" ओरिननं विचारलं.

ब्रिटाच्या ओठांवर खरं आलं होतं. अगदी आलं होतं. पण मधे तो खिळा आला.

"हो... लाजते."

"मग माझ्या डोळ्यांवर पण ठेव की कधी."

"तू लाजतोस?"

"आजपासून सुरू करतो." मग तो कंगव्यातले केस उपटत बसला, उगाचच. "ऐक ना... उद्या आई येतेय. पहिल्यांदाच. पीच फळांचं गोड कॉबलर घेऊन येतेय, अख्खं भांडं. फायनल झाली की... म्हणजे तुला वेळ असेल तर... तिला भेटशील?"

"भेटेन की."

"मी तिला सांगितलंय, एक मुलगी आहे म्हणून."

"काय सांगितलंस?"

"बिस्किटपेक्षा हलकी आहे म्हणून."

ब्रिटा हसली. हसता हसता तिला वाटलं, पताका काय, खिळा काय, हेच पुरे की. असं वाटणं तिला सकाळपर्यंत पुरलं.

फायनलला पाच जण उरले. पाचांत ब्रिटा होती आणि, कुणालाही वाटलं नव्हतं तो, ओरिनही होता. रिंगणात लाकडाचा भुसा अंथरलेला, कठड्याला कुंड्या. पहिल्या रांगेत ओरिनची आई, फुलाफुलांचा झगा, मांडीवर कॉबलरचं भांडं. तिच्या शेजारी योगायोगानं डॅड. आणि मधोमध जज: ताडमाड उंच आणि डोक्यावर छत्रीएवढी पांढरी टोपी.

पहिल्या दोन फेऱ्या ब्रिटाचा तळवा डचेसच्या डोळ्यावर होता. लोकांना वाटलं, काय माया आहे!

मग जजनं हात वर केला. "आता जनावरं बदला. ब्रिटा, तू ओरिनची घे. ओरिन, तू हिची."

हे दर फायनलला होतं. आपल्या गाईला कुणीही वळवेल, परक्या गाईला वळवतो तो खरा. दोघं समोरासमोर आली. दोर या हातातून त्या हातात गेले, बोटांना बोटं लागली. ओरिन ओठ न हलवता पुटपुटला, "ऐक. ही मधेच खांबासारखी उभी राहील. ओढू नकोस. हनुवटीखाली खाजव आणि म्हण, 'चल गं म्हातारे.' निघेल."

"थँक्यू."

तो तिथेच थांबला. वाट बघत. "आणि हिचं?"

डॅडनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"हिचं काही नाही," ब्रिटा म्हणाली. "गरीब आहे ती."

"डोळा झाकू का? लाजते ना?"

"नको रे... कशाला. आता सवय झालीय तिला."

ओरिननं मान हलवली. त्याचा विश्वास बसला. कार्यशाळा चांगली झाली होती.

बिस्किट चार पावलं चालली आणि खांबासारखी उभी राहिली. ब्रिटानं हनुवटीखाली खाजवलं. "चल गं म्हातारे." बिस्किट लोण्यात सुरी फिरावी तशी निघाली. जजनं कौतुकानं भुवया उंचावल्या. मग तो वळला आणि ओरिनला काहीतरी विचारायला डाव्या बाजूनं चालू लागला.

डचेसची शेपटी ताठ झाली. ओरिनला ते कळलं, पण काय करायचं ते कळेना. त्यानं गाईंच्या पाठींवरून ब्रिटाकडे पाहिलं. तशी नजर तिनं आठवडाभर झेलली होती, ब्लोअरच्या गोंगाटात, नाश्त्याच्या रांगेत. आज त्या नजरेत फक्त एक प्रश्न होता, आणि उत्तराला एक इशारा पुरला असता. हात नुसता डोळ्याशी न्यायचा.

पण रिंगणाचा पहिला नियम काय? नजर जजवरून हटवायची नाही. ब्रिटानंच तो पोरांना शिकवला होता. तिनं नजर जजवरून हटवली नाही. नियमात ती कुठेही चुकली नाही.

डचेस उडाली. ओरिननं दोर सोडला नाही. चांगला हाताळणारा दोर सोडत नाही, आणि तो फार चांगला होता. भुशातून, कुंड्यांतून, कठडा मोडून ती त्याला घेऊन पहिल्या रांगेत गेली. आईनं भांडं वर धरलं, म्हणून ती वाचली. भांडं वाचलं नाही. लोक हसता हसता खुर्च्यांवरून घसरले. धूळ बसली तेव्हा फुलाफुलांच्या झग्यावरून पीच ओघळत होते आणि डचेस ते शांतपणे चाटत होती. जजची टोपी पडली होती, म्हणून.

"परक्या जनावराशी," जज माइकवर म्हणाला, "या मुलीनं क्षणात जे नातं जोडलं, ते शिकवून येत नाही!" आणि जांभळी पताका ब्रिटाच्या हातात दिली. डॅड रडत होते. लहान मुलासारखे.

ओरिन धुण्याच्या ओट्यावर होता. त्याच पाइपनं कोपरावरचं रक्त धूत होता.

"लागलं का फार?" ब्रिटानं विचारलं.

"टोपी," तो म्हणाला. "टोपीच ना?"

"कुठली टोपी?"

त्यानं पाइप बंद केला. नुसतं तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं, यापेक्षा पाणी तोंडावर मारलं असतं तर बरं.

"मला सांगायचं होतं, ओरिन, खरंच... पण ते इतकं अचानक—"

"पण जजवरून नजर हटवायची नाही."

"मी आज भाषणात सगळ्यांसमोर सांगते. शपथ."

"नको. विश्वासावर आहे ना भाषण? उगाच विस्कटेल." त्यानं बिस्किटचा दोर सोडवला. "बिस्किटनं नीट ऐकलं ना तुझं?"

"ऐकलं."

"ऐकते ती सगळ्यांचं. माझीच गाय आहे."

"आईंना तरी भेटू दे."

"आई अंघोळीला गेलीय," ओरिन म्हणाला. "पिचांतून बाहेर यायला वेळ लागेल तिला."

त्यानं बिस्किटला ट्रेलरमध्ये चढवलं. मग दारावरचं पोस्टर नखानं खरवडायला लागला. आधी कोपरा, मग दुसरा कोपरा, मग चाकू घेतला. त्याचाच गोंद होता तो. निघाला नाही. शेवटी आईला पुढे बसवून तो तसाच निघाला, आणि ब्रिटाचा हसरा चेहरा 'आधी मैत्री, मग फीत!' असं सांगत मिसुरीच्या रस्त्याला लागला. वळणापर्यंत तो चेहरा तिच्याकडे बघत होता. ओरिननं काही वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी गवताच्या भाऱ्यांवर चढून नवी अध्यक्ष माइकपुढे उभी राहिली. सांगायचं तिनं नक्की ठरवलं होतं. तोंड उघडलं तेव्हा समोर डॅड दिसले. पताका त्यांनी शालीसारखी खांद्यावर घेतली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोक हातात धरून बघायला देत होते.

"विश्वास," ब्रिटा म्हणाली, "म्हणजे..." आणि तिनं लिहून आणलेलं भाषण वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. टाळ्या थांबता थांबेनात.

मग रिवाजाप्रमाणे तिनं पाठ फिरवली, हात छातीशी घेतले, डोळे मिटले आणि मागे पडली.

दोन्ही रांगा आपापल्या जागी होत्या. मधली जागा ओरिनची होती; ती कुणी घ्यायची हे कुणाला सुचलं नव्हतं. ब्रिटाचं मनगट दोन ठिकाणी मोडलं.