बाराव्या चित्रातलं प्रवाळ

रेघबाई समुद्रात निघाल्या त्या एका शब्दापायी. तो शब्द होता ‘काल्पनिक’!

समुद्रजीव संस्थेत त्यांनी एकतीस वर्षं चित्रं काढली. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायच्या, म्हणून सगळे त्यांना रेघबाई म्हणत. पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव कुणाच्या लक्षातही नव्हतं. त्यांचा थोरला भाऊ त्याच संस्थेत शास्त्रज्ञ. दादा पाण्यात बुडी मारायचा, नमुने आणायचा. रेघबाई कोरड्या खोलीत बसून ते कागदावर उतरवायच्या. दोघांचं मिळून एक जाडजूड पुस्तक झालं. मुखपृष्ठावर नाव एकट्या दादाचं.

दादा गेला त्याला दोन वर्षं झाली होती. आता पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती आणि नव्या संचालकांनी बाराव्या चित्रावर बोट ठेवलं होतं. निळंशार घुमटासारखं प्रवाळ, कडेला नारिंगी किनार.

“बावीस वर्षांत हे दुसऱ्या कुणालाही दिसलेलं नाही, बाई,” संचालक म्हणाले. “चित्राखाली ‘काल्पनिक’ असं छापू. तळटीप देऊ, की चित्रकाराच्या हातून झालेली चूक. तुमच्या भावाच्या नावाला धक्का नको.”

“आणि माझ्या?”

संचालकांनी चष्मा पुसला. “पुरावा असेल तर आणा. तुकडा आणा. नाहीतर जागा दाखवा, आमची माणसं जाऊन काढून आणतील.”

रेघबाईंकडे पुरावा नव्हता. कारण त्यांनी ते प्रवाळ कधी जिवंत पाहिलंच नव्हतं! चित्र काढताना समोर होता तो वाळलेला पांढरा तुकडा. वाळल्यावर असली प्रवाळं पांढरीच. हाडांवरून माणसाचा रंग कळतो थोडाच! निळा आणि नारिंगी हे दादानं तोंडी सांगितलं होतं, आणि तो तुकडाही नंतर परत नेला होता. दादा खोटं बोलला असेल का? हा प्रश्न त्या शब्दापेक्षा जास्त टोचत होता.

दादाच्या जुन्या वहीत जागेची खूण होती. पण खडकाची बाहेरची कड वर्षातून दोन-तीनदाच, मोठ्या ओहोटीला, जेमतेम दीड तास उघडी पडायची. आणि रेघबाईंना पोहता येत नव्हतं. लहानपणी दादानं शिकवायचं म्हणून तळ्यात ढकललं होतं. तेव्हापासून त्या बादलीतल्या पाण्याकडेही जपून पाहत.

“मी येते, वन्सं,” वहिनी म्हणाली. दादाची बायको तरणतलावावर बायकांना पोहायला शिकवायची; साठीतही खांदे लोखंडासारखे. “एकट्या जाल आणि बुडाल. मग लोक मला विचारतील.”

अशी तिघांची मोहीम ठरली. तिसरा होता होडीवाला, दादाला जन्मभर नेणारा, एका गुडघ्यानं अधू.

सकाळी उजाडता उजाडता होडी निघाली. रेघबाईंनी नारिंगी लाइफ जॅकेटचे पट्टे तीनतीनदा ओढले. मांडीवर काचेच्या बुडाची बादली. ती पाण्यावर टेकवली की खालचं सगळं स्वच्छ दिसे. पहिल्या अर्ध्या तासातच पोटातला चहा समुद्राला अर्पण झाला.

“खालच्या पाण्याकडे पाहू नका, बाई. लांब पाहा,” होडीवाला म्हणाला.

“पाण्याकडे पाहायलाच आलेय मी,” रेघबाई ओठ पुसत म्हणाल्या.

दोन तासांनी खडक लागला. आतल्या बाजूच्या शांत, उथळ पाण्यात नांगर पडला. पाणी भराभरा उतरत होतं आणि समुद्रातून एक माळरान वर येत होतं. तपकिरी, ओलं, डबक्याडबक्यांनी भरलेलं, हजार बारीक आवाजांत पुटपुटणारं. डबक्यांत केसांएवढे मासे पळत होते, शिंपले तोंड मिटत होते, आणि पलीकडे, जिथे हे माळरान संपत होतं, तिथे लाटांची पांढरी रेघ उभी होती. रेघबाई पाहतच राहिल्या. एकतीस वर्षं जे सुटं सुटं, चिमट्यात धरून काढलं, ते इथे सगळं एकत्र नांदत होतं!

होडीवाल्यानं शिट्टी दाखवली. “ही वाजली की पाणी फिरलं समजायचं. मग पुरावा राहिला तरी चालेल, जीव घेऊन निघायचं.”

जाड बुटांनी दोघी चालू लागल्या. पाऊल टाकायचं ते वाळूवर. काळ्या काट्यांच्या गोळ्यांवर नाही, जिवंत प्रवाळावर तर नाहीच. पन्नास पावलांना पंधरा मिनिटं लागली. एकदा रेघबाईंचा पाय पोकळ कपारीत मांडीपर्यंत गेला. पोटरी सोलून निघाली. खारं पाणी झोंबलं, पण त्या हूं की चूं न करता उठल्या.

मग नाळ आली. आतला खडक आणि बाहेरची कड यांच्यामधली खोल खाच, चार पुरुष एकाखाली एक उभे राहतील एवढी. रुंदी एखाद्या रस्त्याएवढी, पाणी गर्द हिरवं.

वहिनी दोराचं टोक कमरेला आणि बादली-पिशवी पाठीला बांधून सपासप पोहत पलीकडे गेली, दोर खडकाला बांधून ओरडली, “दोर धरा! पाय सोडा! जॅकेट बुडू देत नाही!”

“आणि दिलं तर?”

“तर मी आहे!”

रेघबाईंनी डोळे मिटले. पाय सोडले. थंड! नाकात पाणी! पायांखाली काहीच नाही! एक हात, दुसरा हात. दोर, नुसता दोर! किती वेळ गेला कळलं नाही. बोटांना खडक लागला तेव्हा त्या रडत होत्या, आणि वहिनी त्यांची पाठ चोळत होती.

“जमलं की, वन्सं!”

त्या क्षणी रेघबाईंना वहिनी सख्ख्या बहिणीहून जवळची वाटली.

वहीतली खूण खरी निघाली. तीन सुळ्यांचा खडक, तिथून मावळतीला एकवीस पावलं, गुडघाभर पाण्याचं कुंड. रेघबाईंनी बादली टेकवली.

तळाला पांढरट, गोल वण होते. एक, दोन, तीन… अकरा. दादानं पुस्तकात लिहिलं होतं, ‘अकरा वसाहती आढळल्या.’ अकराही जागा रिकाम्या! लाटेनं प्रवाळ मोडतं ते वेडंवाकडं. इथे छिन्नीची सरळ रेघ होती, प्रत्येक ठिकाणी उजवीकडे कललेली. दादा डावखुरा होता. रेघ कुणाच्या हातची, हे रेघबाईंना दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

“सगळी काढली त्यानं,” त्या पुटपुटल्या. “एकसुद्धा ठेवलं नाही.”

रेघबाईंनी मान वर केली. वहिनी लाटांकडे पाहत होती.

“वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?”

“तुकडे भरायची पाटी मी धरली होती,” वहिनी म्हणाली. “दोन खेपा केल्या. परिषदेला मोठे पाहुणे यायचे होते. प्रत्येकाच्या टेबलावर ठेवायला एकेक. पुढच्या वर्षी तुमचे दादा विभागप्रमुख झाले.”

“आणि मला सांगितलं, तुकडा लाटेनं मोडून पडला होता म्हणून.”

“खरं सांगितलं असतं तर तुम्ही चित्र काढलं नसतंत, वन्सं.”

“तुझ्यासमोर मला लबाड ठरवतायत! दोन महिने ऐकतेयस! एक शब्द बोलली नाहीस!”

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ‘तू’ निघालं होतं. वहिनीचा चेहरा दगडासारखा झाला.

“काय बोलू? माझ्या नवऱ्यानं सगळं ओरबाडलं आणि मी पाटी धरली, असं? त्यांच्या नावाशिवाय माझ्याजवळ आहे काय?”

लांबून शिट्टी वाजली. दोघींनीही ती ऐकली. हलली मात्र कुणीच नाही.

मग रेघबाई वाकल्या ते निव्वळ तोंड लपवायला. डोळे पुसण्यासाठी बादली कडेच्या कपारीशी सरकवली आणि काचेतून त्यांना तो दिसला. निळा!

कपारीच्या आत, वरून नजरेला पडणार नाही अशा जागी, बशीएवढा घुमट होता. गॅसच्या ज्योतीसारखा निळा, आतून पेटलेला. कडेची नारिंगी किनार चित्रातल्याहून बारीक होती आणि ती हलत होती. शेकडो इवले हात पाण्यात उघडझाप करत होते. दादा रंगाबाबत खोटं बोलला नव्हता. बावीस वर्षांत अकराच्या जागी एक उगवलं होतं.

“सापडलं!” वहिनी गुडघ्यांवर बसली. तिनं घाईघाईनं पिशवीतून हातोडी-छिन्नी काढली. “घ्या, वन्सं. कोपरा घ्या नुसता. तुमचं नाव लागेल. कुणाची टाप आहे काल्पनिक म्हणायची!”

रेघबाईंनी छिन्नी घेतली. हात पाण्यात घातला. लोखंडाचा स्पर्श होताच सगळे इवले हात एकदम आत गेले, निळा विझला, आणि उरला एक मातकट गोळा. भेदरलेला.

त्यांनी हात मागे घेतला.

“निदान फोटो काढते,” वहिनी म्हणाली.

“नको. फोटो दाखवला की विचारतील, कुठे? आणि कुठे ते कळलं की हे बाराव्या टेबलावर जाईल. मला माझी संस्था ठाऊक आहे.”

“मग तुमचं काय?”

“माझं काय व्हायचं ते तुम्ही दोघांनी बावीस वर्षांपूर्वीच केलंय.”

पुन्हा शिट्टी. लांब, कर्कश, घाबरलेली! आता कुठे दोघींनी पाहिलं, माळरान बुडत होतं!

त्या धावल्या. पडल्या, उठल्या, धावल्या. नाळेत पाणी उसळत होतं, बाहेरून आत न येता आडवं, मोकळ्या समुद्राच्या तोंडाकडे ओढत होतं. दोर तंग झाला होता.

“पुढे व्हा! मी मागे आहे!”

रेघबाईंनी पाय सोडले. निम्म्यात आल्या आणि दोर धारदार खडकावर घासून तुटला!

आकाश उलटं झालं. तोंडात पाणी, कानांत पाणी! जॅकेटनं वर काढलं, लाटेनं खाली दाबलं. खडकाची भिंत भराभर मागे पळत होती. पुढे फेसाची पांढरी भिंत, तिच्यापुढे नुसता समुद्र! रेघबाईंनी दोन्ही हात फेकले. बोटांना काहीतरी लागलं. प्रवाळाची फांदी, सुरीसारखी! तळवे चिरले. सोडलं नाही. आयुष्यभर ज्या बोटांनी नाजूक रेघा ओढल्या, ती बोटं आता आकड्यांसारखी अडकली होती!

वहिनी वेगानं पोहत आली.

“हात द्या!”

“तुझा हात नको मला!” रेघबाई किंचाळल्या.

“मग मरा!” असं म्हणून वहिनीनं त्यांच्या जॅकेटची कॉलर धरली, एक हिसडा दिला, आणि पाय खडकाला रेटून दोघींना प्रवाहाबाहेर ढकललं. होडीवाला इंजिन फुल्ल करून नाळेच्या तोंडाशी पोचला होता. त्यानं आधी रेघबाईंना ओढलं, मग वहिनीला. तिघंही होडीच्या तळाशी माशांसारखी धापा टाकत पडली.

“सापडलं का काही?” बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

“नाही,” रेघबाई म्हणाल्या.

वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

तिसऱ्या दिवशी, दोन्ही हातांना बँडेज बांधून, रेघबाई संचालकांसमोर बसल्या. वहिनीही आली होती.

“तिथे काही नाही,” त्या म्हणाल्या. “रंग माझ्या मनाचे. मी वाहवत गेले.”

संचालकांचा जीव भांड्यात पडला. “चित्रकारांचं होतं असं, बाई. मनाला लावून घेऊ नका. ह्या धाडसाची तर मुळीच गरज नव्हती.” त्यांनी तळटीपेचा कागद पुढे सरकवला. रेघबाईंना पेन नीट धरता येईना. सही वाकडी आली.

जिन्यावर वहिनी म्हणाली, “वन्सं, तुम्ही त्यांचं नाव राखलंत.”

“मी त्याच्यासाठी काही केलेलं नाही. या सहीनंतर त्याच्या नावावर थुंकायलासुद्धा मला तोंड राहिलं नाही, एवढंच झालंय. आणि वहिनी, माझा जीव वाचवलात, तो उपकार आहे. पण यापुढे माझ्या घरी येऊ नका.”

वहिनी कठड्याला धरून उभी राहिली. रेघबाई एकेक पायरी उतरून निघून गेल्या.

महिनाभरानं छापखान्यातून पुस्तकाची तपासणीची पानं घरी आली. बाराव्या चित्राखाली ठळक अक्षरांत ‘काल्पनिक’ होतं. तळटीपही होती, शुद्धलेखनाची एक चूक नसलेली. रेघबाईंनी पान खिडकीशी नेलं, जवळ धरलं, लांब धरलं. मग छापखान्याला फोन लावला.

“बारा नंबरचा निळा हिरवटलाय. शाई बदला. आणि नारिंगी किनार निम्म्यानं बारीक करा.”

“बाई,” पलीकडचा माणूस हसला, “खाली तर काल्पनिक म्हणून लिहिलंय. जे नाहीच, त्याचा रंग चुकला हे तुम्हाला कसं कळलं?”

रेघबाईंनी हातातलं पान टेबलावर पालथं घातलं. पलीकडून तो “हॅलो, हॅलो” करत होता. मग त्यांनी फोन ठेवला.